विद्यार्थ्यामागून जाणाऱ्यांचा व्हिसा

परदेशी शिकणाऱ्या माणसाकडे त्याच्या पतीने किंवा पत्नीने जाऊन राहावे, यासाठी वेगळा व्हिसा असण्याची सोय फार जुनी नाही. अमेरिकेचा सर्वांच्या परिचयाचा 'एफ-२' १९६१ सालच्या एका कायद्यातून आला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीचे आजचे नियम त्याहूनही अलीकडचे आहेत. त्याआधी जोडीदार जातच नव्हते असे नाही. कधी सीमेवर कोणी कागद मागत नसे, कधी कायद्याने दार सरसकट लावून घेतलेले असे, आणि बहुतेक घरांत बोटीच्या तिकिटाचे पैसेच नसत.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. दोघांनी मिळून जायचे असा मूळ बेत होता, पण घरची माणसे गोपाळरावांच्या पगारावर अवलंबून होती आणि दोघांचा खर्च निघणे शक्य नव्हते. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी एकटीने जाण्याचे कारणही सांगितले होते. गोपाळराव नंतर अमेरिकेला गेले आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा ते समारंभाला हजर होते. विद्यार्थिनी पत्नीकडे मागून गेलेल्या नवऱ्याचे मराठी इतिहासातले हे ठळक उदाहरण. यात व्हिसाचा प्रश्न कुठेच आला नाही, कारण व्हिसा हा प्रकारच नव्हता. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्याने परदेशातून बोटीने येणाऱ्या दर उतारूमागे ५० सेंट कर बसवला होता आणि गुन्हेगार, वेडसर किंवा सरकारवर भार होईल अशा माणसाला परत पाठवायची तरतूद केली होती. बाकीच्यांना मोकळीक होती.

ही मोकळीक सर्वांना नव्हती. त्याच १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. मात्र १८८० च्या करारामुळे चिनी विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि प्रवासी बंदीतून सुटले होते. मग या सुटलेल्या माणसांच्या बायकांचे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. १९०० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गू लिम यांच्या खटल्यात ठरवले की, व्यापाऱ्याच्या पत्नीला स्वतंत्र दाखल्याची गरज नाही. नवऱ्याला येण्याचा हक्क आहे म्हणून तिलाही आहे. निकाल उदार होता, पण त्याची दुसरी बाजूही होती. पत्नीचा हक्क तिचा स्वतःचा नाही, तो नवऱ्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि नवऱ्याचा हक्क संपला की तिचाही संपला. आजचे विद्यार्थी-जोडीदाराचे सगळे व्हिसे याच तर्कावर उभे आहेत.

हिंदुस्थानाला अमेरिकेचे दार १९१७ साली लागले. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाचा मोठा भाग निषिद्ध पट्टा ठरवला आणि हिंदुस्थान त्यात आला. याही कायद्यात अपवादांची यादी होती: सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, व्यापारी वगैरे. या मंडळींच्या 'कायदेशीर पत्नी' आणि सोळा वर्षांखालील मुले सोबत आली किंवा मागून आली तरी त्यांना बंदी लागू होणार नव्हती. एरवी आशियाई लोकांबद्दल इतक्या कठोर असलेल्या कायद्यात विद्यार्थ्याच्या बायकोची आठवण ठेवली गेली, हे नवलच. पतीचा उल्लेख मात्र नव्हता. शिकायला जाणारी बाई आणि तिच्यामागून जाणारा नवरा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता.

सात वर्षांनी हीही सवलत गेली. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले आणि परदेशातल्या वकिलातीतून आधीच व्हिसा घेणे सक्तीचे केले. धर्मोपदेशक आणि महाविद्यालयीन प्राध्यापक कोट्याबाहेर राहिले, त्यांच्यासोबत पत्नी आणि अठरा वर्षांखालील अविवाहित मुलेही. लगेच पुढच्या कलमात पंधरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याला कोट्याबाहेर ठेवले, पण त्याच्या कुटुंबाबद्दल एक शब्दही लिहिला नाही. प्राध्यापकाला संसार असतो आणि विद्यार्थी सडाफटिंग असतो, असे कायदेमंडळाने गृहीत धरलेले दिसते.

हिंदुस्थानातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे गृहीतक साफ चुकीचे होते. इथून जाणारे पुष्कळसे विद्यार्थी विवाहित असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती. त्यातून न्यूयॉर्कमधला एकट्याचा खर्च भागवून घरी पैसे पाठवायचे होते. पत्नी रमाबाई मुंबईत राहिल्या, आणि १९२० ते १९२३ या लंडनच्या मुक्कामातही त्या मुंबईतच होत्या. लंडनला जायला तर ब्रिटिश प्रजाजन म्हणून कोणताच व्हिसा लागत नव्हता. इरावती कर्वे १९२८ साली मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या तेव्हा पती दिनकर धोंडो कर्वे पुण्यात राहिले. ते स्वतः आधी जर्मनीत शिकून आले होते, म्हणजे देश त्यांना अनोळखी नव्हता. त्या पिढीच्या ताटातुटीचा दोष व्हिसाच्या नियमांवर फारसा टाकता येत नाही.

अमेरिकेत हिंदी माणसांना पुन्हा थोडी वाट मिळाली ती १९४६ साली. लूस-सेलर कायद्याने वर्षाला १०० स्थलांतरितांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क दिला. १९५२ च्या कायद्याने तात्पुरत्या व्हिशांना इंग्रजी अक्षरे दिली आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला 'एफ' आले. जोडीदार या कलमातही नव्हता. त्याला जायचे तर स्वतःच्या पायावर, पाहुणा म्हणून परवानगी मिळवावी लागे. ही उणीव भरली ती सप्टेंबर १९६१ मध्ये, फुलब्राइट-हेज कायद्याने. शीतयुद्धाचे दिवस होते आणि परदेशी विद्यार्थी, अध्यापक, संशोधक अमेरिकेत यावेत, खूश होऊन परतावेत, असे धोरण होते. या कायद्याने देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठी नवा 'जे' व्हिसा निर्माण केला आणि त्याच सपाट्यात 'एफ'चे कलम दोन भागांत लिहिले: पहिल्यात विद्यार्थी, दुसऱ्यात त्याच्यासोबत येणारे किंवा मागून येऊन मिळणारे पती-पत्नी आणि अज्ञान मुले. पतीलाही आता जागा मिळाली.

भारताच्या बाजूने मात्र दोन दारे अजून अरुंद होती. पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. सतवंतसिंग साहनी खटल्यात एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. दुसरे दार परकीय चलनाचे. १९५७-५८ च्या टंचाईनंतर डॉलर आणि पौंड मोजून मिळत. परदेशी तिकीट काढण्याआधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर करून घ्यावा लागे. विद्यार्थ्याच्या फीसाठी चलन मिळवता येई. मागून जाणाऱ्या बायकोसाठी ते मागणे म्हणजे तिचा खर्च परदेशात कोणीतरी उचलतो आहे हे दाखवणे. खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन उतरल्याच्या ज्या कहाण्या त्या पिढीतले लोक सांगतात, त्या याच चलन-नियंत्रणाच्या आहेत.

पुढचा टप्पा १९७० चा. एप्रिलमधल्या कायद्याने तात्पुरत्या नोकरीच्या 'एच' व्हिशालाही पती-पत्नी आणि मुले जोडली. 'एच-४' म्हणून ओळखला जाणारा व्हिसा तो हाच. त्याच कायद्याने अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त वधू-वरासाठी 'के' व्हिसा केला. विद्यार्थ्याला मात्र वाग्दत्त वधू किंवा वर बोलावण्याची सोय तेव्हाही मिळाली नाही आणि आजही नाही. १९९० मध्ये 'एच-१बी' आला, संगणक उद्योग वाढला आणि महाराष्ट्रातल्या घरांत दोन टप्प्यांचा रस्ता रुळला: आधी एफ-२ वर जायचे आणि शिकणाऱ्या जोडीदाराला नोकरी लागली की एच-४ वर यायचे.

या रस्त्यातली खरी अडचण प्रवेशाची नव्हती, कामाची होती. एफ-२ वर राहणाऱ्याला अमेरिकेत नोकरी करता येत नाही. हा नियम कधीच सैल झाला नाही. विद्यार्थी पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे म्हणजे 'ओपीटी'चे वर्ष घेतो, तेव्हाही तो एफ-१ वरच असतो आणि जोडीदार एफ-२ वरच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २००८ मध्ये १७ महिन्यांची आणि २०१६ पासून २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू लागली. म्हणजे शिकणारा तीन वर्षे पगार मिळवू शकतो आणि इथली अभियंता, डॉक्टर किंवा चार्टर्ड अकाउंटंट असलेली त्याची बायको तीच तीन वर्षे रिकामी बसते. शेजारच्या 'जे-२' ला, म्हणजे 'जे-१' वर आलेल्याच्या जोडीदाराला, मात्र परवानगी काढून काम करता येते. अट एवढीच की त्या कमाईवर जे-१ धारकाचा खर्च चालता कामा नये. एकाच विद्यापीठातल्या, एकाच इमारतीतल्या दोन बायकांपैकी एकीला नोकरी चालते आणि दुसरीला नाही, आणि फरक फक्त नवऱ्याच्या कागदावरच्या अक्षराचा. याला धोरण म्हणावे की कायदा तुकड्यातुकड्याने लिहिल्याचा परिणाम, यावर वाद होऊ शकतो. दुसरे कारण अधिक पटणारे आहे.

शिक्षणाची वाट आधी मोकळी होती, नंतर तीही आवळली गेली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी 'सेविस' ही संगणकीय यंत्रणा आली आणि २००३ पासून विद्यापीठांना तिच्यात प्रत्येकाची माहिती भरणे बंधनकारक झाले. जोडीदारालाही विद्यापीठाकडून स्वतःच्या नावाचा आय-२० फॉर्म मिळू लागला. त्याच नव्या नियमांनी एफ-२ धारकाला पूर्णवेळ पदवी अभ्यास बंद केला. हौस म्हणून एखादा वर्ग करायला मुभा राहिली. पदवी घ्यायची तर स्वतःचा एफ-१ मिळवा, असे उत्तर होते. मे २०१५ मध्ये अर्धवेळ शिक्षणाला परवानगी मिळाली, आणि त्याच महिन्यात ज्यांच्या एच-१बी जोडीदाराचे ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यावर पोचले आहे अशा एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला. एफ-२ ला तो मिळाला नाही.

अर्जाची रीत थोडक्यात अशी. विद्यार्थ्याच्या विद्यापीठाकडून जोडीदाराच्या नावाचा आय-२० मागवायचा. त्यासाठी दोघांचा खर्च भागेल एवढी रक्कम बँकेत दाखवायची. मग वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती, नंतर ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मुलाखतीत दोन गोष्टी एकदम पटवाव्या लागतात: लग्न खरे आहे, आणि दोघेही शिक्षण संपल्यावर परतणार आहेत. एफ व्हिशाचा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला आला आहे असे कायदा आधीच धरून चालतो, आणि ते खोटे पाडण्याची जबाबदारी अर्जदाराची. पेच उघड आहे. नवरा-बायको जितके घट्ट, तितके मागे भारतात त्यांना ओढणारे कमी उरते, आणि अधिकाऱ्याच्या शंकेला जागा मिळते.

लग्न खरे असल्याचा पुरावा म्हणजे नोंदणीचा दाखला. मंगल कार्यालयाची पावती आणि फोटोंचा अल्बम यावर वकिलातीचे समाधान होत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाने ही पद्धत नव्याने बांधली. फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभर विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी हाच विवाहाचा पाया असल्याने तिथल्या जोडप्यांना ही धावपळ निराळी करावी लागत नाही. महाराष्ट्रात अनेक कुटुंबांनी निबंधकाच्या कार्यालयाची पायरी पहिल्यांदा चढली ती व्हिशासाठीच.

ब्रिटनचा इतिहास उलट्या दिशेने चालतो. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथे जायला परवानगी लागत नव्हती. १ जुलै १९६२ पासून नियंत्रण आले, पण राष्ट्रकुलातल्या पुरुषाची पत्नी आणि लहान मुले यांना त्यात सवलत होती. इथेही पतीचा विचार वेगळा झाला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी आपल्या नवऱ्यांना येऊ देत नाहीत म्हणून युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली या निकालात न्यायालयाने हा लिंगभेद ठरवला. ब्रिटिश सरकारने भेद मिटवला खरा, पण नवऱ्यांवरच्या जाचक अटी बायकांनाही लावून. हे प्रकरण विद्यार्थ्यांचे नव्हते. तरी समानतेच्या नावाखाली दार रुंद करण्याऐवजी दोघांनाही सारखेच अरुंद करता येते, हे त्यातून दिसले.

विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ब्रिटनने एक मोठी गोष्ट दिली: आल्यावर जवळपास कोणतीही नोकरी करण्याची मुभा. अमेरिकेने माणसे येऊ दिली आणि काम रोखले. ब्रिटनने काम करू दिले आणि मग किती माणसे येतात यावर घाव घातला. जुलै २०११ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे कुटुंब आणणे बंद झाले. किमान वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सोय राहिली. २०२१ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे काम करू देणारी ग्रॅज्युएट वाट सुरू झाली आणि एक वर्षाच्या मास्टर्सकडे ओघ वाढला. विद्यार्थ्यांच्या अवलंबितांना २०१९ मध्ये सुमारे १६,००० व्हिसा मिळाले होते. २०२२ मध्ये ते सुमारे १,३६,००० झाले. मे २०२३ मध्ये सरकारने निर्णय जाहीर केला आणि १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांत, संशोधन पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीचे काही विद्यार्थी सोडून, कोणालाच जोडीदार आणता येईनासा झाला. पुण्या-मुंबईहून एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारा विद्यार्थी जवळपास नेहमीच या बंदीत सापडतो.

कॅनडात याच वळणाचे अधिक विचित्र रूप दिसले. तिथे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कोणत्याही मालकाकडे, कितीही तास काम करण्याचा खुला परवाना मिळे, तर स्वतः विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला ठरावीक तासच काम चाले. कमावण्याच्या दृष्टीने जोडीदाराचा कागद विद्यार्थ्याच्या कागदापेक्षा मोलाचा ठरला. पंजाबमध्ये त्यावर लग्नाचा एक नवा बाजारच उभा राहिला: इंग्रजीची आयेल्ट्स परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली मुलगी शोधायची, तिच्या फीचा आणि प्रवासाचा खर्च मुलाकडच्यांनी करायचा आणि मुलाने तिच्या मागून जायचे. वर्तमानपत्रांतल्या वधू पाहिजेच्या जाहिरातींत जातीबरोबर परीक्षेचे बँडही छापले जाऊ लागले. हुंड्याची दिशा उलटली, सौदा तोच राहिला. मार्च २०२४ मध्ये कॅनडाने हा परवाना मास्टर्स, डॉक्टरेट आणि काही व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांपुरता ठेवला. २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सही किमान १६ महिन्यांचे असावे अशी अट आली.

ऑस्ट्रेलियात जोडीदार विद्यार्थ्याच्याच व्हिसा-वर्गात बसतो. तिथे सर्वांत जास्त फसगत होते ती एका साध्या नियमाने: विद्यार्थ्याने पहिल्या अर्जात जोडीदाराचे नाव सांगितलेच पाहिजे, तो मागून येणार असला तरी. सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या जोडीदाराला जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास काम चालते. मास्टर्स आणि डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना तासांची मर्यादा नाही. जर्मनीने अडसर भाषेचा घातला. ऑगस्ट २००७ पासून मागून येणाऱ्या पती-पत्नीने जर्मनची ए-१ पातळी निघण्याआधीच पार केलेली असावी, असा सर्वसाधारण नियम झाला, आणि पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनांच्या वर्गांत या कारणाने बसणारेही येऊ लागले. पण एकदा पोचल्यावर, सप्टेंबर २०१३ पासून, तिथे जोडीदाराला नोकरीची पूर्ण मोकळीक आहे.

राहिले ते लग्न न झालेले जोडीदार. कॅनडाच्या २००२ पासून लागू झालेल्या कायद्यात एक वर्ष एकत्र राहिलेले जोडपे विवाहितासारखे मानले जाते, ऑस्ट्रेलियातही सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची अट आहे, ब्रिटन दोन वर्षांच्या नात्याचा पुरावा मागते. भारतात वेगवेगळ्या शहरांत किंवा आईवडिलांकडे राहणाऱ्या जोडप्यांना एकत्र राहिल्याचे कागद दाखवणे अवघड जाते. अमेरिकेत एफ-२ हा फक्त पती-पत्नींचा. तिथल्या परराष्ट्र खात्याने २००१ मध्ये स्पष्ट केले की एकत्र राहणाऱ्या अविवाहित जोडीदारांना पर्यटकांचा बी-२ व्हिसा देता येईल. पण तो अधिकाऱ्याच्या समजुतीवर मिळतो आणि त्याची मुदत वारंवार वाढवून घ्यावी लागते. समलिंगी विवाहांना एफ-२ चे दार २०१३ मध्ये उघडले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अशा विवाहांबाबतच्या विंडसर खटल्याचा निकाल लागला आणि ऑगस्टपासून वकिलातींनी अशा जोडप्यांचे अर्ज इतर विवाहितांप्रमाणे घ्यायला सुरुवात केली. विवाह जिथे झाला तिथे तो कायदेशीर असला पाहिजे, एवढीच अट. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे अशा जोडप्याला एफ-२ साठी आधी असा विवाह मान्य असलेल्या देशात लग्न नोंदवावे लागते. २३ जानेवारी २०२५ पासून आशियात तैवान आणि नेपाळनंतर थायलंडमध्येही समलिंगी जोडप्यांच्या विवाहाची नोंद होऊ लागली आहे.